बदकाच्या पंखाखाली

“झोपेत घाम येतो का?” हा प्रश्न मला आजवर फक्त डॉक्टरांनी विचारला होता, आणि तोही फी घेऊन. हॅम्बर्गच्या एका दुकानात पांघरूण घ्यायला गेलो तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी तो फुकट विचारला. पाठोपाठ उंची किती, वजन किती, पाय गार पडतात का, खिडकी उघडी ठेवून झोपता की बंद, कुशीवर झोपता की उताणे, असं सगळं विचारून त्यांनी कागदावर टिपून घेतलं. आमची लेक मधे उभी राहून जर्मनचं मराठी आणि मराठीचं जर्मन करत होती. माझ्या लग्नाच्या वेळी हिच्या माहेरच्यांनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर घोरण्याचा मुद्दा तेव्हाच निघाला असता, असं ही म्हणते.

आम्ही दोघं पुण्याहून लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत तिथे गेलो होतो. जानेवारीत हॅम्बर्गला जाणं शहाणपणाचं नाही हे मलाही कळतं, पण बाळंतपणं हवामान बघून होत नाहीत. सामानाची मर्यादा माणशी २३ किलो. त्यातले तीन किलो हिनं गोधडीला दिले. त्यापायी थालिपिठाची भाजणी आणि लोणच्याची बरणी मागे राहिली. गोधडी माझ्या आईनं शिवलेली. तिच्याबद्दल पुढे येईलच. तूर्त एवढंच सांगतो, की पहिल्या दोन रात्रींतच तिनं हात टेकले. जर्मन लोक रात्री घर तापवायची यंत्रं मंद करतात आणि वर खिडकी किलकिली ठेवतात. गार हवेत झोप छान लागते अशी त्यांची श्रद्धा आहे. पुण्याच्या डिसेंबरात जिच्याखाली मला पहाटे घाम फुटायचा, तिच्याचखाली मी इथे पायमोजे आणि माकडटोपी घालून काकडत होतो. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, “बाबा, तुम्हाला आपण डाउनचं पांघरूण घेऊ.”

‘डाउन’ म्हटलं की माझ्यासारख्या माणसाला आधी पुण्याकडे येणारी गाडी आठवते, आणि बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे त्यानंतर सिस्टिम. हा डाउन तो नव्हे. हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आहे, आणि त्याचा अर्थ बदकांच्या छातीवरची मऊ लव. पीस वेगळं आणि डाउन वेगळं. पिसाला मधे काडी असते, डाउनला काडी नसते. म्हातारीचा कापूस वाऱ्यावर उडतो ना, तसा तो एक तंतूंचा गोळा असतो. पाण्यात पोहणाऱ्या पक्ष्यांना वरच्या पिसांखाली हे अस्तर देवानं दिलं, आणि आपल्याला ते काढून घ्यायची बुद्धी दिली.

दुकानातल्या बाईंनी आमच्यापुढे काचेचं एक नळकांडं ठेवलं, त्यात चिमूटभर डाउन टाकलं आणि ते हळूहळू फुगून वर येताना आम्हाला दाखवलं. मग समजलं, की या धंद्यात सगळं माप फुगण्याचं आहे. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन किती घनइंच जागा व्यापतं त्यावर त्याची प्रत ठरते. चांगलं डाउन ७०० ते ८०० घनइंच व्यापतं. मी बँकेतला माणूस, मनातल्या मनात लिटर केले. ८०० घनइंच म्हणजे तेरा लिटर. मूठभर माल आणि बादलीभर हवा! दूधवाल्याला आपण उगीच नावं ठेवतो.

पण यात फसवणूक नाही. पांघरूण मुळात ऊब देतच नाही. ऊब आपली आपल्याच अंगाची. पांघरुणानं फक्त ती बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि या कामी जागच्या जागी अडवून धरलेल्या हवेइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही. लोकर, कापूस, डाउन ही सगळी हवेची पहारेकरी मंडळी. डाउन कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा धरून ठेवतं, एवढंच त्याचं मोठेपण. मग मला आमच्या गोधडीचा पराभव कळला. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक, आणि त्यावर बोटभर अंतरानं घातलेले धावदोरे. त्यात हवेला शिरायला जागाच कुठे आहे? तिची ऊब वाटते ती बरीचशी वजनाची. कोणीतरी अंगावर हात टाकून झोपलंय, अशी.

डाउनमध्येही जाती आहेत, आणि वरच्या जातीला आयडर म्हणतात. आयडर हे उत्तरेकडचं समुद्री बदक. शास्त्रीय नाव ‘सोमाटेरिया मोलिसिमा’. ग्रीक आणि लॅटिन मिळून त्याचा अर्थ होतो, लोकरीसारखं अंग असलेला, अतिशय मऊ. शास्त्रज्ञ मंडळी एरवी इतकी हळवी होत नाहीत. याची मादी अंडी घालते तेव्हा आपल्याच छातीवरची लव उपटून घरट्यात अंथरते. आइसलंडचे शेतकरी ही लव गोळा करतात. त्यासाठी बदक मारावं लागत नाही. उलट, ते पुढच्या वर्षी आपल्याच जमिनीवर यावं म्हणून कोल्ह्यांपासून त्याची राखण करावी लागते. एक किलो लव जमवायला साठएक घरटी लागतात. इंग्लंडमध्ये सातव्या शतकात फार्न बेटांवर संत कथबर्ट राहत असे. त्यानं या बदकांना अभय दिलं होतं असं सांगतात, आणि अजूनही तिकडे या बदकाला कथबर्टच्या लाडक्या नावानं ‘कडी’चं बदक म्हणतात. आइसलंडनं तर १८४७ साली कायदाच करून त्याला संपूर्ण संरक्षण दिलं.

हे ऐकून हिचा चेहरा उजळला. कारण तोपर्यंत तिच्या मनात एक कुसळ होतंच. “आपण अंडंसुद्धा खात नाही, आणि बदक पांघरायचं?” असं ती दुकानाच्या दारातच म्हणाली होती. लेकीनं तिला लेबल दाखवलं. आमच्यासमोरचं साधं डाउन गूजचं, म्हणजे बदकाच्या थोरल्या भावाचं होतं, आणि ते जिवंत पक्ष्याच्या अंगावरून उपटलेलं नाही असं त्यावर छापलं होतं. पूर्वी असे प्रकार होत आले आहेत, त्यावर युरोपात बरीच ओरड झाली, म्हणून हे छापावं लागतं.

“जिवंतपणी उपटलेलं नाही, म्हणजे मेल्यावर काढलेलं,” ही म्हणाली.

“आई, ते खाण्यासाठी मारतातच गं. पिसं नाहीतर फुकट जातील.”

“मेलं कसं, हे विचारलं मी?”

तेव्हा आयडर हाच एक अहिंसक मार्ग उरला होता. बाईंनी कुलपातून आयडरचं पांघरूण काढलं. किंमत चार आकडी युरोत होती आणि त्यातला पहिला आकडाही लहान नव्हता. लेकीनं “रुपयांत करू नका बाबा” म्हणेपर्यंत मी केलेले होते. अहिंसा परवडायलाही ऐपत लागते! हिनं त्या पांघरुणावरून एकदा हात फिरवला आणि ते बाईंना परत दिलं.

कुठल्या पक्ष्याचं पांघरूण घ्यावं ही काळजी आमच्यापुरतीच आहे असं मला वाटत होतं. पण मंडळी तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीही हेच करत होती, आणि तेही मेलेल्या माणसासाठी. स्वीडनमध्ये उप्सालाजवळ व्हाल्सयेर्दे नावाचं ठिकाण आहे. तिथे सातव्या शतकात योद्ध्यांना त्यांच्या होडीसकट पुरत. अशा दोन होड्यांत प्रेताखाली पिसांच्या उश्या-गाद्या सापडल्या. त्यातली पिसं कोणाची, याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. गूज आणि बदकं तर निघालीच, पण कावळा, चिमणी आणि चक्क घुबडही निघालं. आता घुबड काय मऊ असतं म्हणून घातलं असेल? त्या मुलखात पुढे जी लोकसमजूत नोंदली गेली ती अशी, की कोंबडी, कबूतर, कावळा, घुबड यांची पिसं अंथरुणात असली तर माणसाचा जीव लवकर जात नाही, तळमळत राहतो. गूजची पिसं असली की सुटका लवकर होते. कबुतराच्या पिसांचा हा समज इंग्लंडमध्येही होता. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये आजारी कॅथरीन उशी फाडते आणि तिच्यातली पिसं निवडत बसते. त्यात कबुतराची सापडतात, तेव्हा आपल्याला मरण का येत नव्हतं याचा तिला उलगडा होतो. ही कादंबरीही १८४७ चीच, आइसलंडच्या कायद्याच्या वर्षातली. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण इतिहासाचं वेड लागलेल्या माणसाला अशा गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडेही शेवटच्या वेळी माणसानं कापसाच्या गादीवर असू नये म्हणतात. खाली घेतात. २००९ च्या ऑगस्टात माझ्या आईला असंच खाली घेतलं. जमिनीवर घोंगडी अंथरली होती. आई दिवसभर काही बोलली नव्हती. संध्याकाळी एकच शब्द बोलली, “गार.” शेजारचे एक काका जाणते होते. ते म्हणाले, आता पांघरूण कशाला, घटकेचा तर प्रश्न आहे. हिनं ऐकलं नाही. कपाटातून आईनंच शिवलेली गोधडी काढली आणि तिच्या अंगावर घातली. ती घटका पहाटेपर्यंत चालली.

अंगावरचं पांघरूण नंतर घरात ठेवत नाहीत. टाकायचं किंवा देऊन टाकायचं. सगळ्यांनी तसं सांगितलं, मीही सांगितलं. हिनं उत्तर न देता गोधडी बादलीत भिजत घातली आणि दोन दिवस तशीच ठेवली. ‘भिजत घोंगडं’ हा शब्दप्रयोग मी शाळेपासून निबंधात वापरत आलो होतो, तो प्रत्यक्षात न्हाणीघरात पाहिला. तिसऱ्या दिवशी हिनं ती धुतली. पावसाळ्याचे दिवस, वाळायला आठवडा लागला, आणि तेवढ्यात कोणाला विषय काढायचा धीर झाला नाही. तीच ही तीन किलोंची गोधडी. तेव्हा विमानतळाच्या काट्यावर मी भाजणीचा पक्ष फार लावून धरला नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

असो. आपण हॅम्बर्गमध्ये होतो. या गावाचा पांघरुणाच्या इतिहासाशी जुना संबंध आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे पॉल रायकॉट नावाचा इंग्रजांचा वकील राहत होता. त्यानं तुर्की साम्राज्यावर ग्रंथ लिहिले होते, पण हॅम्बर्गच्या थंडीत त्याला खरा साक्षात्कार झाला तो पिसांच्या पांघरुणाचा. त्यानं इंग्लंडमधल्या मित्रांना पिसांच्या पिशव्या भेट म्हणून पाठवल्या आणि सोबत सूचना दिल्या, की शिवताना चौकोन मोठे ठेवा आणि उंच फुगू द्या, नाहीतर ऊब येणार नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं हवेचं मर्म बरोबर ओळखलं होतं. मित्रांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यावर थॉमस न्यूजंट नावाचा दुसरा इंग्रज प्रवासी वेस्टफेलियातून गेला, तेव्हाही त्याला जर्मनांचं नवल वाटलं, की ही माणसं एक पिसांची गादी खाली घेतात आणि दुसरी वर घेऊन झोपतात! इंग्रज माणूस चादरी आणि ब्लँकेटं गादीखाली खोचून, पाकिटातल्या पत्रासारखा झोपत राहिला. १९६४ साली लंडनला टेरेन्स कॉनरान यांचं ‘हॅबिटॅट’ दुकान निघालं. त्यात हे पांघरूण दहा सेकंदांत आवरून होणारं अंथरूण म्हणून विकायला ठेवलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ऊब पटली नाही, आळस पटला.

मात्र एका माणसाला ऊबही पटली होती, आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. जॉर्ज फिंच. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झ्युरिकचं, पेशानं रसायनशास्त्रज्ञ. १९२२ साली एव्हरेस्टवर जी इंग्रजांची मोहीम गेली तीत तो होता. बाकीचे गिर्यारोहक लोकरीचे कोट, स्वेटर, मफलर अशा, रविवारी शिकारीला निघाल्यासारख्या पोशाखात. फिंचनं विचार करून स्वतःसाठी एक कोट शिवून आणला होता. वर फुग्याच्या, म्हणजे आकाशात उडणाऱ्या बलूनच्या कापडाचं आवरण आणि आत आयडरचं डाउन. रजईलाच बाह्या लावल्या म्हणा ना. सगळे त्याला हसले. वर जाऊन वारा झोंबायला लागला तसं हसणं थांबलं. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस हे दोघं ८,३०० मीटरच्या वर गेले. तोवर कोणी माणूस तेवढ्या उंचीवर चढल्याची नोंद नव्हती. फिंचची जीभ मात्र तिखट, वागणं साहेबी चालीरीतींत न बसणारं. १९२४ च्या मोहिमेत त्याला घेतलं नाही. एव्हरेस्टला जाणाऱ्यांच्या अंगावर डाउनचे कपडे पुढे रुळले, पण तोवर फिंचचे चढायचे दिवस संपले होते.

तो तेव्हा कुठे होता? पुण्यात! थट्टा नाही. १९५२ ते १९५७ अशी पाच वर्षं फिंचसाहेब पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. १९५३ च्या मे महिन्यात तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले ती बातमी त्यांच्या पुण्याच्या कारकिर्दीतली. मी १९५५ चा. म्हणजे मी सदाशिव पेठेत आईच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेला असताना, डाउनच्या कोटाचा आद्य पुरुष माझ्यापासून चार मैलांवर बसला होता. या रस्त्यानं मी सबंध नोकरीभर स्कूटरवरून गेलो, हिवाळ्यात कानाला मफलर बांधून कुडकुडत गेलो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊन काय केलं असतं म्हणा. एखाद्या अस्सल पुणेकरानं त्यांना तेव्हा गाठून सांगितलं असतं, की तुमचा कोट ठीक आहे, पण आमच्याकडची थंडी कोरडी, इथे त्याचा उपयोग नाही.

मी दुकानात उभ्या उभ्या ठरवलं. मी फिंचसाहेबांच्या बाजूचा. गूज तर गूज. बाईंनी ९० टक्के डाउन आणि १० टक्के पिसं असलेलं, १३५ बाय २०० सेंटिमीटरचं पांघरूण काढलं. ते इतकं हलकं, की हातात घेतल्यावर पैसे परत मागावेसे वाटले.

“हे दोघांना पुरायचं नाही,” ही म्हणाली.

तेव्हा दुसरा उलगडा झाला. जर्मनीत पलंग दोघांचा असतो, पांघरूण ज्याचं त्याचं. नवराबायको कितीही गुण्यागोविंदानं नांदत असली तरी पांघरुणं दोन. हिनं लेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “म्हणजे यांचं काही बिनसलेलं असतं का?” चव्वेचाळीस वर्षं एका पांघरुणाची ओढाताण करण्यात घालवलेल्या बाईला असंच वाटणार. पण लगेच तिच्या ध्यानात आलं, की या पद्धतीत एक मोठी सोय आहे. पांघरुणं दोन, तर धर्मही दोन चालतील.

“मला बदक नको,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे मेंढी आहे का विचार.”

मेंढी होती. कापडी खोळीत लोकर भरलेलं, जरासं जड पांघरूण. मेंढी कातरून घेतल्यावर जिवंत राहते, हे लेकीनं न विचारता भाषांतर करून सांगितलं. हिनं ते नाकाशी नेलं. “घोंगडीच की ही,” ती म्हणाली. आमच्याकडे धनगर ती विणतात, आणि चिंचोक्यांची खळ देऊन अशी कडक करतात की उभी ठेवली तर उभी राहावी. इथे तिला जर्मन अंगरखा घातला होता एवढंच. दर बदकाच्या निम्म्याहून कमी. मी तत्त्वाला जागलो असतो तर पैसेही वाचले असते.

त्या रात्री मी पहिल्यांदा डाउनखाली झोपलो. खरं सांगायचं तर ऊब इतकी पटकन आली, की मला आईच्या गोधडीची लाज वाटली, आणि मग लाज वाटली याची लाज वाटली. पण तासाभरानं जाग आली. अंगावर काही आहे असं वाटेचना. मी उठून गोधडी घेतली आणि डाउनवर पसरली. सकाळी लेकीनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “बाबा, वरून वजन ठेवलं की ते दबतं. हवा निघून जाते. मग घेतलं कशाला?”

तेव्हा गोधडीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वर घेता येत नाही, कपाटात ठेवायची ही कबूल नाही. सुटका झाली ती दुसऱ्या एका जर्मन खोडीमुळे. तिथल्या दुहेरी पलंगावर गाद्याही दोन असतात आणि मधे लांबच लांब फट राहते. त्या फटीला त्यांच्या भाषेत नाव आहे, पाहुण्यांची फट. माझी कंबर पहिल्या रात्रीपासून त्या फटीत जात होती. हिनं गोधडी दुहेरी घडी करून त्या फटीवर लांबवर अंथरली. फट नाहीशी झाली.

आता चार वर्षांचा थोरला नातू पहाटे त्याच्या खोलीतून उठून येतो आणि नेमका तिथे, गोधडीवर, आमच्या दोघांच्या मधे आडवा होतो. अंधारात तिच्या एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? हे पणजीचं लुगडं, हा माझा शाळेचा सदरा, हे आत्याचं परकर-पोलकं. दोन-तीन तुकडे मला ओळखू येत नाहीत, तिथे ही उत्तर देते. अंगावर तो स्वतःचं काहीच आणत नाही. त्याला बदकाखाली घ्यायचं की मेंढीखाली, यावर रोज पहाटे थोडी खेचाखेच होते.